तुम्ही विचारलंत म्हणून: कोणता कॅमेरा घेऊ?

‘दादा, कॅमेरा कोणता घेऊ? बजेट साठ हजार.’ राजवाड्यासमोर, लग्नाच्या पंगतीत, पोहे-जिलबीच्या ठेल्यावर, आणि एकदा तर दंतवैद्याच्या खुर्चीत मी तोंड उघडून पडलेलो असताना हे मला विचारलं गेलंय. गळ्यात कॅमेरा दिसला की माणूस जाणकार, असं इंदूरने ठरवून टाकलंय. मीही ते कधी नाकारलं नाही, हे कबूल.

माझं उत्तर पाठ आहे. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका. ८ बाय १२ इंचांच्या चांगल्या प्रिंटला ९ पुरतात, आणि तसा प्रिंट तुम्ही शेवटचा कधी काढलात? बॉडीवर, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यावर, पैसे वाचवा, ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घ्या; एफचा आकडा लहान, तितका उजेड जास्त. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ची लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते, म्हणजे उजेड त्या ५०च्या जेमतेम एक दशांश. ट्यूबलाइटखाली पट्टे येत असतील तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. यातलं एक अक्षरही मी मागे घेणार नाही. समोरचा हे सगळं ऐकून घेतो आणि विचारतो, ‘ते ठीक आहे हो, पण मॉडेल?’

मग मी चिडतो. का चिडतो, ते आज सांगतो.

सहा वर्षांपूर्वी मोठ्या काकांचं सहस्रचंद्रदर्शन झालं, रामबागेतल्या एका हॉलमध्ये. बाहेरचा फोटोग्राफर बोलवायचं चाललं होतं. मीच म्हणालो, कशाला? नवा फुल-फ्रेम घेतलाय, ३६ बाय २४ मिलिमीटरचा सेन्सर, अंधारातही दिव्यांचा उजेड काय सुरेख पकडतो बघा. काकूंना यातलं काय कळणार? ‘तू आहेस म्हटल्यावर काळजी नाही,’ एवढंच त्या म्हणाल्या.

दिवसभर मी कुणाला जागेवर उभं राहू दिलं नाही. होमाचा धूर, काकांचा उपरण्याने डोळे पुसणारा हात, पणतवंडाने ओढलेली त्यांची मिशी. संध्याकाळी हॉलचे दिवे मालवले आणि पाच सुनांनी ८१ निरांजनांचं तबक धरून औक्षण केलं. काका एरवी फोटोत पोलिसात वर्दी द्यायला आल्यासारखे बसायचे. त्या क्षणी ते हसले, दात नसलेलं, मोकळं. मी गुडघ्यावर बसून सपासप तीस-चाळीस फोटो घेतले. असं काम आपल्या हातून पुन्हा होणार नाही, हे मला तिथेच कळलं होतं.

घरी आलो. कार्ड लॅपटॉपमध्ये होतं. सकाळपासून तिथेच होतं, आदल्या रात्रीच्या सराफ्यातल्या भुट्ट्याच्या किसाच्या फोटोंसकट.

तुम्ही म्हणाल, कार्डाशिवाय शटर कसं उडालं? उडतं. अनेक कॅमेऱ्यांत तसा पर्याय असतो आणि बऱ्याचदा तो आधीपासून चालूच असतो. दुकानात गिऱ्हाइकाला खटखट करून बघता यावं म्हणून. मग स्क्रीनवर कळलं नाही का? स्क्रीनवर फोटो दिसणं मी बंद केलं होतं. लोकांना सांगायचो, बॅटरी वाचते. खरं कारण हे, की दर फोटोनंतर मान खाली घालणारा माणूस नवशिका दिसतो.

यात कॅमेऱ्याचा काय दोष, असं तेव्हाचा मी अजून भांडतो. खरंय. साध्या कॅमेऱ्यातही कार्ड विसरलोच असतो. पण साधा असता तर इतका माज आला असता का? जुन्या काळचे नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाल १८७०च्या दशकात बांधकाम खात्याची नोकरी करता करता कॅमेरा शिकले, ते याच गावात. फोटो जिच्यावर उमटायचा ती काचेची प्लेट न घालताच त्यांनी कधी एखाद्या संस्थानिकाला तासभर बसवून ठेवलं असेल का? त्यांना विचारायला मला आवडलं असतं. आणि हेही सांगतो, गेल्या महिन्यात मी त्याहून महाग बॉडी घेतली. शहाणपण येतं म्हणतात; माझ्याकडे हप्ते आले.

त्या संध्याकाळचा एकच फोटो आहे, चुलतबहिणीच्या फोनमधला. निरांजनं उजेडाने फुटलीयेत, काका हसताहेत, आणि त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर माझं कोपर. दोन वर्षांनी काका गेले, तेव्हा काकूंनी तोच मोठा करून भिंतीवर लावला. बाकीच्या फोटोंचं मी सांगितलं होतं, ‘कार्ड खराब झालं.’ कुणी एका शब्दाने बोललं नाही. काकूंनी उलट माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

परवा त्याच बहिणीचा मुलगा आला. पहिला पगार झालाय. ‘मामा, कॅमेरा कोणता घेऊ?’ मी ५० मिलिमीटरपासून सुरुवात केली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘मामा, आजोबांच्या फोटोंचं ते कार्ड आहे ना अजून? खराब कार्डातले फोटोसुद्धा परत मिळतात. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे. आजीला सांगू नका, तिला एकदम दाखवू.’

शोधतो म्हणालो.