कुलूप लावलेला फोन आणि त्यानंतरचे सहा महिने

गेल्या जूनमध्ये मुलगी नववीत गेली आणि पहिल्याच आठवड्यात मी तिचा फोन काढून घेऊन कपाटात कुलूपबंद केला. रात्री साडेबारा वाजता पांघरुणाखाली उजेड दिसला, हे निमित्त. राग मात्र बऱ्याच दिवसांचा साचलेला होता. चार दिवस ती आमच्याशी धड बोलली नाही, आणि पाचव्या दिवशी आजीच्या फोनवरून तिने आपले खाते उघडल्याचे लक्षात आले. मी केलेल्या उपायातून ती लपवायला शिकली, एवढेच निष्पन्न झाले होते.

त्या रात्री मी ओरडले नाही. ‘एवढे काय असते गं त्यात, मला दाखव,’ म्हणत तिच्याजवळ बसले. ती तासन्‌तास रील पाहत असणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तिचा जीव अडकला होता तो स्नॅपचॅटवरच्या एका ‘स्ट्रीक’मध्ये. दोन मैत्रिणींनी रोज एकमेकींना छायाचित्र पाठवायचे आणि त्याचे दिवस मोजले जायचे; चोवीस तासांत एकीकडून जरी चुकले, तरी आकडा नाहीसा होतो. तिचा आकडा दोनशेच्या पुढे गेला होता, आणि ती मैत्रीण वडिलांच्या बदलीमुळे नागपूरला गेलेली तिची बालवाडीपासूनची सोबतीण होती. फोन कपाटात ठेवताना मी नेमके काय तोडत होते, हे मला तेव्हा कळले.

त्यानंतर नियम ठरवले ते तिला समोर बसवून. इन्स्टाग्रामवर खाते उघडताना तिने जन्मवर्ष खोटे दिले होते, त्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतात सुरू झालेली किशोरवयीनांची खाती तिला लागूच झाली नव्हती. खरी जन्मतारीख नोंदवल्यावर खाते खासगी झाले, रात्री दहा ते सकाळी सात सूचना बंद राहू लागल्या, आणि सोळा वर्षांखालील असल्याने ही बंधने सैल करायला पालकांची परवानगी लागू लागली. ती कोणाशी बोलते हे मला दिसते, काय बोलते हे दिसत नाही. ही मर्यादा मला योग्य वाटते, आणि तिलाही मी तसे स्पष्ट सांगितले.

खरी अडचण आमचीच होती. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाइल बंद राहतात, हे यजमानांनी वाचून दाखवले, तेव्हा मुलीने विचारले, ‘बाबा, तुम्हीपण ठेवणार का?’ नोकरीच्या निरोपांमुळे त्यांना ते फार जड गेले. पहिल्या महिन्यात नियम बहुतेक वेळा मोठ्यांनीच मोडला, आणि ज्या दिवशी आम्ही मोडला त्या दिवशी तिच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आम्ही सोडून दिला. आता सात ते साडेआठ तिन्ही फोन देवघराशेजारच्या फडताळात असतात. आजी तेवढ्या वेळात तिच्याकडून भाजी निवडून घेतात.

दिवाळीत आजोळी रेंज नव्हती आणि ती स्ट्रीक तुटली. ती थोडी रडली, मग मामाच्या गच्चीवर जाऊन मैत्रिणीशी पाऊण तास फोनवर बोलली. दोघींनी आता नवा आकडा सुरू केला आहे. मी त्याबद्दल तिला काही म्हटलेले नाही.