नावं नंतर वाचा, आधी हात ओळखा: बॉस्टन आणि न्यूपोर्टच्या जुन्या दफनभूमींतले तीन दिवस

बॉस्टनच्या ग्रॅनरी दफनभूमीत लोक येतात ते पॉल रिव्हिअर, सॅम्युअल ॲडम्स आणि जॉन हॅनकॉक या अमेरिकन स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांच्या कबरींसाठी. गाइडच्या मागून एक चक्कर होते, फोटो निघतात आणि गट पुढे सरकतो. ऑक्टोबरात मावसबहिणीकडे राहायला गेले होते, तेव्हा पहिल्या दिवशी मीही तसंच केलं. त्यातून पोचले दुपार कलल्यावर. भोवतीच्या इमारतींची सावली पडलेली, सगळे दगड एकाच करड्या रंगाचे, कोरीवकाम जवळजवळ दिसेना. परत निघताना फाटकाजवळच्या एका दगडावर मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरला, आणि दगडातून एक कवटी वर आली. दात, नाकाचं त्रिकोणी भोक आणि दोन्ही बाजूंना पिसापिसांचे पंख. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेले ती फक्त कोरीवकाम बघायला.

म्हणून पहिली सूचना उजेडाची. ऊन दगडाच्या तोंडावर सरळ पडलं की रेषा पुसल्यासारख्या होतात. ते कडेने घासून जायला हवं. साधारण अकरा ते एकच्या दरम्यान तसं ऊन मिळतं. शिवाय पर्समध्ये हातभर नसला तरी वीतभर आरसा ठेवा. सावलीतल्या दगडावर त्याने कवडसा टाकता येतो. माझं सगळ्यात जास्त काम त्या आरशाने केलं.

हे दगड बहुतेक स्लेटचे आहेत, म्हणजे आपल्या शाळेच्या दगडी पाटीचाच दगड. बारीक कणांचा असल्यामुळे टाकीचा घाव त्यात नेमका राहतो. तीनशे वर्षांपूर्वी अक्षरं सरळ यावीत म्हणून आखलेल्या पुसट रेघासुद्धा काही दगडांवर शाबूत आहेत. नंतरच्या काळातले संगमरवरी दगड पावसाने गुळगुळीत झालेत. वयाने लहान असून तेच जास्त म्हातारे दिसतात. स्लेटचा शत्रू वेगळा. त्याच्या थरांत पाणी शिरतं, हिवाळ्यात गोठतं आणि पापुद्रा सुटतो. सुटलेल्या पापुद्र्याला बोटही लावू नका.

खुणांबद्दल थोडं आधी माहीत असलेलं बरं. इथे सतराव्या शतकात वसलेले लोक प्युरिटन होते. प्रार्थनागृहात मूर्ती नको, चित्र नको, क्रूसही नको, असा त्यांचा कडक पंथ. त्यामुळे या जुन्या दगडांवर क्रूस शोधलात तर सापडायचा नाही. मग कोरायचं काय? कवटी म्हणजे संपणारा देह, पंख म्हणजे उडून जाणारा जीव. वाळूचं घड्याळ, आडवी हाडं, शवपेटी, फावडं आणि कुदळ. दगडाचा आकारही बघा: वर मधे कमान, दोन्हीकडे छोटे खांदे. बंद दारासारखा, किंवा पलंगाच्या उशाच्या फळीसारखा. पायथ्याशी दुसरा छोटा दगड असायचा, म्हणजे माणूस अंथरुणात झोपल्यासारखाच. मला राहून राहून आपले वीरगळ आणि सतीशिळा आठवत होत्या. तिथेही वाचता न येणाऱ्याला चंद्रसूर्य आणि बांगड्यांचा हात बघूनच सगळं कळायचं.

पुढे अठराव्या शतकात कवटीला गाल येतात, डोळे येतात आणि पंखांमधला चेहरा देवदूताचा होतो. शतक संपता संपता तोही जातो, त्याच्या जागी अस्थिकलश आणि वाकलेलं विलोचं झाड येतं. मजकूरही बदलतो. आधी ‘इथे अमुकचा देह आहे’, मग ‘अमुकच्या स्मरणार्थ’. जेम्स डीट्झ आणि एडविन डेथलफ्सन या दोन पुरातत्त्वज्ञांनी १९६६ साली या भागातल्या अशाच दगडांची मोजदाद करून दाखवलं की एक नक्षी हळूहळू चढते, भरात येते आणि दुसरीला जागा देत ओसरते. मृत्यूकडे बघण्याची नजर अशी दगडावर, तारखेसकट नोंदलेली फार कमी ठिकाणी मिळते.

तारखांवरून एक. १६९८/९ असं दुहेरी वर्ष दिसलं तर ती कोरणाऱ्याची चूक नाही. १७५२ पर्यंत तिथलं नवं वर्ष २५ मार्चला, आपल्या पाडव्याच्या आसपास लागायचं. जानेवारी-फेब्रुवारीतले मृत्यू म्हणून दोन वर्षांत मोजले जात.

ग्रॅनरी (१६६०) पार्क स्ट्रीट स्टेशनपासून दोन मिनिटांवर आहे. तिथल्या दगडांच्या सरळ ओळींना फसू नका. एकोणिसाव्या शतकात पायवाटा आणि गवत कापण्याची सोय म्हणून ते हलवलेत, त्यामुळे दगडाखाली तोच माणूस असेल असं नाही. हॅनकॉकच्या उंच स्मारकाशेजारी ‘फ्रँक, जॉन हॅनकॉकचा नोकर’ एवढंच नाव असलेला १७७१ चा एक लहान दगड आहे. आडनाव नाही.

तिथून चालत पाच मिनिटांवर किंग्ज चॅपल, शहरातली सगळ्यात जुनी दफनभूमी, १६३० ची. वेळ कमी असेल तर इतर सगळं सोडा, पण इथला जोसेफ टॅपिंगचा दगड बघा. रस्त्याकडच्या बाजूलाच आहे. टॅपिंग १६७८ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी गेला. दगडाच्या खालच्या भागात एक मेणबत्ती जळते आहे. हाडांचा सापळा, म्हणजे मृत्यू, ती विझवायला पुढे झालाय आणि दाढीवाला काळपुरुष, म्हणजे वेळ, त्याचा हात अडवतोय. चित्राची मूळ कल्पना १६३८ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या एका पुस्तकातली, पण कागदावरचं ते चित्र एवढ्याशा दगडात उतरवणारा हात बॉस्टनचा. त्याने सही केलेली नाही. मी अर्धा तास तिथे होते. वात अजून विझलेली नाही, हे पुन्हा पुन्हा बघत राहिले.

सही नसली तरी हात ओळखता येतो, हे मला बॉस्टनच्या चार्ल्सटाउन भागातल्या फिप्स स्ट्रीट दफनभूमीत पटलं. हे लॅमसन घराण्याचं गाव. जोसेफ लॅमसन आणि त्याची मुलं नथॅनिएल व केलेब, सगळे पाथरवट. त्यांच्या कवट्यांना भुवया असतात, कडेच्या पट्टीत फळं आणि पानं भरगच्च असतात. दोन-तीन दगड नीट बघितलेत की चौथा लांबूनच कळतो, जसं अक्षरावरून पत्र कोणाचं ते कळावं. इथे गर्दी मुळीच नाही. मेट्रोच्या ऑरेंज लाइनवर कम्युनिटी कॉलेज स्टेशनला उतरा. फाटकाला कुलूप असू शकतं, म्हणून वेळ आधी बघून निघा.

चौथी दफनभूमी कॉप्स हिल, शहराच्या नॉर्थ एंड भागात चढावर आहे. ब्रिटिशांना विरोध करणारा व्यापारी डॅनियल माल्कम याच्या दगडावरचे गोळ्यांचे टवके ब्रिटिश सैनिकांच्या नेमबाजीचे, असं तिथे पूर्वापार सांगतात. कोरीवकामापुरतं बोलायचं तर आधीच्या तीन ठिकाणांनंतर ही घाईत बघितली तरी चालेल.

कागद ठेवून वर खडू घासून ठसा घ्यायला बॉस्टनच्या या दफनभूमींत मनाई आहे. अक्षरं उठावीत म्हणून पीठ, खडू, दाढीचा फेस, यातलं काहीही लावू नका. शेंदूर आणि ऑइलपेंटखाली बुजलेले वीरगळ आपण पाहिलेत, त्यामुळे हे समजायला आपल्याला अवघड जाऊ नये. प्रवेश सगळीकडे विनामूल्य आहे. आत स्वच्छतागृह नाही, बसायला जागाही फारशी नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी एका दिवशी दोनच जागा धराव्यात.

तिसरा दिवस शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या न्यूपोर्टसाठी ठेवा. गाडीने दीड तास लागतो. नाहीतर प्रॉव्हिडन्सपर्यंत रेल्वे आणि पुढे ६० नंबरची बस. दफनभूमी ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावच फेअरवेल स्ट्रीट. तिच्या एका भागाला ‘गॉड्स लिटल एकर’ म्हणतात. न्यूपोर्टमधले गुलाम आणि मुक्त झालेले आफ्रिकी लोक तिथे पुरलेत. १७०५ पासून चालू असलेला स्टीव्हन्स यांचा दगडकामाचा कारखाना याच गावात आजही काम करतो. अठराव्या शतकात तिथे पॉम्पे नावाचा गुलाम पाथरवट होता.

तीन दिवस मी भुवया आणि पानं बघून न सांगितलेली नावं ओळखत होते. इथे एका दगडावर ते कोरणाऱ्यानेच लिहिलंय: हा दगड पॉम्पे स्टीव्हन्सने कोरला, आपला भाऊ कफी गिब्ज याच्या स्मरणार्थ, जो २७ डिसेंबर १७६८ रोजी वयाच्या ४० व्या वर्षी वारला. भाऊ भाऊ, पण आडनावं वेगळी, कारण मालक वेगळे. कफी हे मात्र घानाकडच्या लोकांचं नाव, शुक्रवारी जन्मलेल्या मुलाचं. आणि ‘भाऊ’ हा शब्द त्याच्या स्वतःच्या टाकीने खोदलेला.

तिथे पाटी शोधत बसू नका. त्या भागात शिरल्यावर एकेक दगड वाचत चला.