महामार्ग टाळा

सोलापुरातून कुठंही निघा, महामार्ग आडवा येतोच. पुण्याहून हैदराबादला जाणारा 65 नंबरचा गावाला लागून जातो. धुळ्याकडून तुळजापूरमार्गे येऊन विजापूरला जाणारा 52 नंबरचा त्याला इथंच भेटतो. मंगळवेढा, सांगली, कोल्हापूर करत रत्नागिरीच्या समुद्राला लागणारा 166 इथून सुटतो, आणि अक्कलकोटचा रस्ताही आता राष्ट्रीय झालाय. पूर्वी यांचे नंबर 9, 211, 13 असे होते, 2010 मध्ये ते बदलले. सोलापूरकरांना त्याचा पत्ताही लागला नाही, कारण इथं नंबरानं रस्ता सांगतो कोण? पुणे रोड, विजापूर रोड, अक्कलकोट रोड. चादरी आणि टॉवेल या रस्त्यांनी देशभर गेले. व्यापाराला एवढी सोयीची जागा दुसरी नसेल. पन्नाशीत स्टिअरिंग धरलेल्या बाईला एवढी गैरसोयीची जागाही दुसरी नसेल.

शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं. तीस दिवस झाले की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तोवर शेजारी लायसन्सवाला माणूस हवा आणि गाडीला पुढंमागं पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा. नियमात या पाटीचं मापसुद्धा दिलंय: पाटी 18 सेंटीमीटरची, अक्षर 10 सेंटीमीटर उंच. पाटी बघून लोक चार हात लांब राहतील असं मला वाटलं होतं. सोलापुरात पाटी बघून लोक जवळ येतात. स्कूटरवरचा मुलगा काचेत डोकावून, “मावशी, सेकंड टाका की!” असं सांगून जातो. शेजारी आमचे हे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असायचा. आमच्या गाडीत तो नाही, हे यांच्या उजव्या पायाला अजून पटलेलं नाही.

गावातल्या गावात मला भीती वाटत नाही, हे आधीच सांगते. सात रस्ता, पार्क चौक, नवी पेठ, कुठंही घाला मला. ज्यांना सात रस्त्याचा धसका आहे त्यांना हे खोटं वाटेल. पण तिथं सगळेच हळू असतात, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघत गाडी चालवतात. रिक्षावाला मान हलवतो, म्हणजे तू जा. हात हलवतो, म्हणजे तू थांब. सिग्नलपेक्षा हे मला जास्त कळतं. महामार्गावर ताशी शंभरच्या वेगात कुणाचं तोंड दिसणार? चौपदरी रस्त्यावर मोटारीला तेवढी मुभा आहे म्हणे. मी तिसऱ्या गिअरमध्ये चाळीसनं चाललेली असते आणि मागचा कंटेनर हॉर्नवरचा हात काढत नाही.

म्हणून माझ्या सरावाची हद्द नाक्यांनी आखली. जुना पुणे नाका, जुना तुळजापूर नाका, जुना बोरामणी नाका, अक्कलकोट नाका, विजापूर नाका, देगाव नाका. जकातीच्या काळात मालगाड्या इथं थांबायच्या. शहर कधीच नाक्यांच्या पलीकडं गेलं, जकातही गेली. आता नाक्यावर थांबून मागं वळणारी मी एकटीच.

भाची इंग्लंडात लीड्सला गाडी शिकली. ती सांगते, तिकडं शिकाऊ माणसाला मोटरवेवर पाय ठेवायलाच बंदी होती. जून 2018 पासून परवानगी मिळाली, तीही मान्यताप्राप्त शिक्षक शेजारी आणि गाडीला दुहेरी ब्रेक-क्लच असेल तरच. त्याआधी म्हणे परीक्षा पास झालेला माणूस दुसऱ्याच दिवशी एकटा मोटरवेवर जायचा, आयुष्यात पहिल्यांदा. मला त्या बंदीचा हेवा वाटला. मी टाळते तेव्हा लोक हसतात. सरकारनं टाळायला लावलं असतं तर मान खाली घालून “नियमच आहे हो” म्हणता आलं असतं. पण आपल्याकडं तो नियम टिकणार कसा? इथं महामार्ग हाच गावचा मुख्य रस्ता. त्यावरूनच शाळेत जायचं, त्यावरूनच शेतात जायचं, आणि दुभाजकाला फाटा लांब असला की उलट्या बाजूनं दुधाचे कॅन घेऊन यायचं.

मुलानं पुण्याहून फोनवर उपाय सांगितला. फोनमधल्या नकाशात ‘महामार्ग टाळा’ अशी एक खूण असते, ती चालू करायची. तिच्याच शेजारी टोल टाळायची आणि बोटीचा प्रवास टाळायचीही सोय आहे. सोलापुरात राहून बोट टाळायची खूण मी निश्चिंत मनानं चालू ठेवलीय.

मग सुरू झाला खरा छंद. रात्री जेवणं उरकली की फोन घेऊन बसायचं आणि रस्ते काढायचे. बहीण अक्कलकोटला. सरळ रस्ता चाळीसेक किलोमीटर, कुंभारी, वळसंग करत, तासाच्या आत. माझी खूण चालू केली की फोन होटगीकडं वळवतो आणि आतल्या गावांतून फिरवत नेतो. फोनचा हिशेब साधा आहे. महामार्ग वजा केले की जे उरतं ते तो देतो. उरलंय त्यात काय काय आहे, ते आपण जाऊन बघायचं.

उरलेल्यात एका गाडीपुरतं डांबर असतं आणि दोन्ही कडांना वीतभर खाली गेलेली साइडपट्टी. समोरून एसटी आली की डांबर सोडून खाली कुणी उतरायचं, हा प्रश्न येतो. उत्तर ठरलेलं असतं. रेल्वेचं फाटक असतं. ऊस सुरू झाला की ट्रॅक्टर असतात, मागं दोन ट्रॉल्या, दोन्हींतून ऊस बाहेर आलेला, मागचा दिवा नाही आणि पुढं मोठ्यानं गाणी. गतिरोधक असतात, प्रत्येक गावानं आपापल्या हौसेनं घातलेले, रंग न मारलेले. सुगीत तर रस्त्यावरच खळं. तूर, उडीद पसरून ठेवलेला, जाणाऱ्या-येणाऱ्या चाकांनी मळणी व्हावी म्हणून. माझी गाडी हळू हळू त्यावरून गेली तेव्हा कडेला बसलेले एक आजोबा खूश झाले. म्हणाले, “आसंच फिरवा की बाई अजून दोनदा.” माझ्या चालवण्याचं इतकं मनापासून कौतुक घरच्यांनी केलेलं नाही.

तेव्हा आतला रस्ता सोपा असतो, या भ्रमात कुणी राहू नये. गिअर जास्त बदलावे लागतात, मागं जास्त घ्यावं लागतं, बैलाचा, शेळीचा आणि लहान पोराचा अंदाज वेगवेगळा बांधावा लागतो. महामार्गावर यातलं निम्मंसुद्धा नसतं. आमच्या यांचा तर हा ठरलेला मुद्दा. “सरळ रस्ता, सरळ चालवायचं. विजापूर रोड बघ, कसा केलाय!” तो रस्ता चौपदरी करताना एका पदराचा 25.54 किलोमीटर तुकडा 18 तासांत केला होता, फेब्रुवारी 2021 मध्ये. पेपरात फोटो आले होते, विक्रमाच्या पुस्तकात नाव जाणार म्हणून. ज्यांनी तो केला त्यांच्या कामाला नमस्कार. पण रस्ता लवकर झाला म्हणून माझं धाडस लवकर होत नाही.

मग मला तिथं नेमकं नको काय असतं? वेग, असं मी बरेच दिवस सांगत होते. आतल्या रस्त्यांवर फिरून कळलं की वेग हा निम्माच भाग आहे. मला हवं असतं ते थांबता येणं. आतल्या रस्त्यावर घाबरायला झालं की बाभळीखाली गाडी घ्यायची, काच खाली करायची, पाणी प्यायचं. कुणी काही म्हणत नाही. फार तर एखादी बाई येऊन विचारते, “बंद पडली काय ओ?” महामार्गावर एकदा चढलं की पुढच्या फाट्यापर्यंत तुमची सुटका नाही. चुकलं तरी पुढंच जायचं आणि वळायचं तेही लांबवर जाऊन. लग्नातल्या पंगतीत मधोमध बसल्यावर उठता येत नाही, तसं होतं. पोट भरलंय, पाय आखडलेत, पण दोन्हीकडून वाढपी आणि ताटं.

कोजागरीला तुळजापूर रोडवर हे मला पटलं. त्या दिवसांत सोलापुरातून लोक आईच्या दर्शनाला चालत निघतात, रस्ता वाहनांना बंद करतात. आम्हीही जायचो. एरवी ज्या रस्त्याच्या नावानं हातापायाला घाम फुटतो, त्याच्या मधोमध आम्ही पाय सोडून बसलेलो असायचो. कुणी चहा देतंय, कुणी पायाला तेल लावून देतंय, कुणी दुभाजकाला टेकून झोपलंय. डांबर तेच आणि रुंदीही तीच.

सोलापुरातला सगळ्यात जुना ठरलेला मार्गही थांबत थांबत जाणाराच आहे. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज 68 लिंगांच्या भेटीला निघतात. तेलाभिषेक करत सगळ्या गावाला वळसा घालतात. एवढे उंच, एवढे जड ध्वज तोलत नेणाऱ्या माणसाला लवकरचा रस्ता सांगायची कुणाची छाती आहे? माझी त्यांच्याशी बरोबरी नाही, पण घरातल्या वादात हा दाखला मी वापरते.

आता रस्त्यांचं बोलायचं तर उत्तरेकडं माझं बरं चालतं. नान्नजचा रस्ता मला आवडतो. कारंबा, गुळवंची सोडलं की माळ मोकळा होतो. माळढोकाचं अभयारण्य इकडंच, 1979 पासूनचं. माळढोक आता सहसा दिसत नाही, काळवीट दिसतात, आणि हिवाळ्यात रस्त्याच्या दोन्ही अंगांना पोटरीत आलेली ज्वारी. अडचण सुरुवातीला. आमच्या घरून या बार्शी रोडला लागायचं तर बाळे गावापाशी पुणे रोडचा एक तुकडा लागतोच. तेवढ्यापुरते हे स्टिअरिंगवर बसतात आणि मी पदराला घाम पुसते.

पश्चिमेला आणि दक्षिणेला मात्र मला सीना नदीनं अडवलंय. हे नकाशावर फार उशिरा लक्षात आलं. रस्ता टाळता येतो, नदी टाळता येत नाही. आणि मोठा पूल बांधायचा तर तो महामार्गावरच बांधतात. पुणे रोडला लांबोटी, मंगळवेढ्याच्या वाटेला तिऱ्हे, विजापूर रोडला वडकबाळ. आतून आतून कितीही वळणं घेतली तरी फोन शेवटी यातल्याच एखाद्या पुलाकडं आणतो, नाहीतर एखाद्या बंधाऱ्याकडं बोट दाखवतो. बंधाऱ्यावरून मोटारसायकलवाले जातात. कठडा नसलेल्या भिंतीवरून मी गाडी नेणार, हे फोनला कुणी सांगितलं? सप्टेंबर 2025 मध्ये सीनेला महापूर आला तेव्हा हे मोठे रस्तेही बंद ठेवायची वेळ आली. चार दिवस सगळा जिल्हा माझ्यासारखाच महामार्ग टाळून जायच्या वाटा शोधत होता. टाळायच्या वाटा त्याआधीच पाण्याखाली गेल्या होत्या.

सध्या विषय मंगळवेढ्याचा आहे. मावशी तिथं राहते, आणि वर्षाची ज्वारी तिच्याकडून येते. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. मावशीला मानांकनाचं काही नाही, तिला पोत्यामागं भाव कळतो. यंदा पोती आणायला मी गाडी चालवत यावं, असा तिचा आग्रह. तिऱ्ह्याला सीना, बेगमपूरला भीमा, म्हणजे दोन पूल आणि सगळा 166. टाळायला काहीच शिल्लक नाही. दोन-तीन रात्री फोनवर बोट फिरवून बघितलं, मग ती खूण बंद केली आणि कागद घेतला.

कागदावर रस्ता लिहिला नाही, थांबे लिहिले. देगाव नाका ओलांडला की उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. तिऱ्ह्याच्या पुलाच्या अलीकडं जागा आहे, पलीकडंही आहे. मग कामती, तिथं चहा. बेगमपूरला भीमेच्या पुलाआधी. पूल उतरला की माचणूर. सिद्धेश्वराचं देऊळ, औरंगजेबाच्या छावणीचा जुना किल्ला, नदीचा घाट, हवं तेवढा वेळ थांबावं. दोन थांब्यांच्या मध्ये जो तुकडा येतो तो एवढा काही लांब नाही. तेवढ्या वेळात कंटेनरनं खुशाल हॉर्न वाजवावा.

आमच्या यांनी कागद चष्मा लावून वाचला. “लाल डब्बासुद्धा एवढा थांबत नाही,” म्हणाले. मग थोड्या वेळानं त्यांनीच पेन घेतलं आणि कामतीच्या पुढं एक पेट्रोल पंप वाढवला. तिथं हवा चांगली भरतात म्हणे.

मावशीचा फोन आला, “किती वाजता पोचतीस गं? भाकरी कधी थापू?” मी म्हटलं, “माचणूरला पोचले की फोन करते, तवा तेव्हाच ठेव. आणि तू भूक लागली तर जेवून घे.”