परण्या आणि सुतळी बॉम्ब

आज औशाजवळ चुलतबहिणीचं लग्न होतं. परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, मारुतीकडं निघाला अन् कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. १९९९ ला कारगिलमध्ये लढलेले आमचे मामा क्षणात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीखाली! मुठीत अक्षतांची ज्वारी तशीच, घामानं रंग तळहाताला लागलेला. पोरं हसली. लई वाईट वाटलं.

मी शेजारी जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पोरांना बोलू नको, त्यांना काय माहीत."

मामी सांगत होती, दरवर्षी दिवाळीत दोघं शेतातल्या आखाड्यावर राहायला जातात. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, मामांना माणसं नकोशी झालीत. चुकलोच आम्ही.

हा भित्रेपणा नाही हो. पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणायचे, १९८० पासून पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागं राहणारा मनाचा त्रास. लढाई संपते, पण मेंदू पहाऱ्यावरच राहतो. विचार करायच्या आधीच अंग आडोसा शोधतं. बोलून होणारे उपचार आहेत, औषधंही आहेत. सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मामीच्या फोनमध्ये सेव्ह करून दिलाय.

पुढं धाकट्याचं लग्न आहे. फटाके आणायचे नाहीत, घरात सांगून टाकलंय.