टोकं आत

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं समितीचं पत्र आलं. प्रार्थना, घंटा, क्रीडामहोत्सव यांवर पुष्कळजण लिहितील. मला लिहायचंय ते फक्त बाईंबद्दल. आमच्या काळात शाळेत 'बाई' पुष्कळ होत्या, पण नुसतं 'बाई' म्हटलं की शास्त्राच्या बाईच.

एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की बाईंचे रविवार सुरू व्हायचे. सहा वाजता फाटकापाशी जमायचं, डब्यात भडंग, आणि चालत कळंब्याच्या तळ्याकडे. जमलं तर पुढं कात्यायनीच्या डोंगरापर्यंत. कुडा फुललेला असायचा. बहाव्याखाली पिवळा सडा पडलेला असायचा. पण बाई थांबायच्या रुईपाशी, जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही तिथं. भलामोठा काळा भुंगा फुलावर उतरला की देठासकट गुच्छ वाकायचा. पानामागे काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असायची, बिबळ्या कडवा फुलपाखराची. रुईचा विषारी चीक पचवून ती अशी कडू होते की पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. पळसाला पानं तीन एवढंच पाठ असलेल्या आम्हाला हे सगळं नवं होतं.

१९८७ चा एप्रिल. मी सातवीत. तळ्याच्या वरच्या अंगाला मुरमाचा माळ होता. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. टिटवी ओरडली की अशुभ, म्हणून दोघीतिघी मागंच थांबल्या. माझ्या पायाशी खड्यांत चार अंडी. मातकट, त्यावर काळपट डाग, भोवती बारीक खडे आणि शेळीच्या लेंड्या. वीतभर अंतरावरूनसुद्धा ती खडेच वाटत होती. मी एक उचललं आणि खिशात टाकलं.

बाईंनी बघितलं. ओरडल्या नाहीत.

"खुळ्या, ठेव ते जाग्यावर. टोकाची बाजू आत कर."

बाकी तिन्हींची निमुळती टोकं मध्यावर आलेली होती, फुलाच्या पाकळ्यांसारखी. चौथं तसं ठेवताना माझा हात कापत होता. मग त्यांनी आम्हा सगळ्यांना लांब बाभळीखाली बसवलं. "ती परत येईपर्यंत कुणी हलायचं नाही." ऊन चढत होतं, भडंग संपलं होतं, अर्धा तास गेला असेल. टिटवी तळ्याच्या कडेला गेली, पाण्यात बसल्यासारखी खाली झाली, पोटाची पिसं भिजवली आणि तुरुतुरु चालत येऊन त्या चार अंड्यांवर बसली. उन्हानं अंडी शिजू नयेत म्हणून ती असं पाणी आणते, हे बाईंनी आम्ही ते बघितल्यावर सांगितलं. आधी नाही.

त्याच जूनमध्ये पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली गेले. आठवीच्या वर्गात बाईंनी फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं आणि तास संपेपर्यंत पुसू दिलं नाही.

मी पुढं बँकेत लागलो. पण त्या वर्षापासून वही ठेवली आहे. दरवर्षी पावशाचं पहिलं 'पेरते व्हा' कधी ऐकलं, नवरंग पक्षी कधी आला, मृगाचा लाल मखमली किडा कधी दिसला, तारखेनिशी. राधानगरीच्या अभयारण्यात मुलांना घेऊन जातो. आजवर शंभराच्या वर मुलं झाली असतील. हे मी अभिमानानं सांगतो, कारण ते बाईंचं आहे.

तो माळ आता राहिला नाही. प्लॉट पडले, बंगले झाले. करवंदीच्या जाळ्या गेल्या तेव्हा मला फार लागलं, आजही तिकडून जाताना मान वळवतो.

गेल्या मे महिन्यात आमच्याच गच्चीवर, सिमेंटच्या सपाटीवर टिटवीनं अंडी घातली. जमीनच उरली नाही तर ती जाणार कुठं? कठड्यापाशी परातीत पाणी ठेवलं आणि जिन्याच्या दारामागं बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी ती परातीत उतरली, पोट बुडवलं, तापल्या गच्चीवर ओल्या पावलांची रांग उमटवत अंड्यांकडे गेली. रांग वाळायच्या आत मी बाईंना फोन लावला. त्यांचं वय आता चौऱ्याऐंशी. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"टोकं आत आहेत ना रे?"

आहेत, बाई. चारही.