गुलाबी रिबिनींच्या पलीकडचं काबुकिचो

टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेकडून बाहेर पडून काबुकिचोकडे, म्हणजे रात्रभर जागणाऱ्या बार-क्लबांच्या वस्तीकडे चालू लागलं, की तोहो सिनेमाच्या इमारतीवरून डोकावणारा गॉडझिला दिसतो. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे फोटो हवा असतो. तो काढून झाला की लक्ष आजूबाजूला जातं आणि प्रश्न येतोच, "या बाहुल्यांसारख्या मुली कोण गं?"

झालरींचा काळा नाहीतर फिक्कट गुलाबी ब्लाऊज, भली मोठी कॉलर, गळ्याशी रिबीन, आखूड स्कर्ट, जाड तळव्यांचे बूट, सॅकला लोंबणारी कुरोमी ही कार्टूनमधली बाहुली. मेकअप मात्र जवळून बघावा. खालच्या पापणीखाली लालसर पावडर अशी फिरवलेली असते, की पोरगी आत्ताच रडून आलीय असं वाटावं. एनर्जी ड्रिंकच्या कॅनमध्ये स्ट्रॉ, कारण लिपस्टिक बिघडता कामा नये.

या फॅशनचं नाव जिराई-केई. जिराई म्हणजे भूसुरुंग. दिसायला गोड पण जवळ गेलात तर संपलात, अशा अर्थाने मनाने अस्थिर बायकांची टवाळी करायला हा शब्द इंटरनेटवर चालायचा. 2020 च्या सुमारास तो कपड्यांना चिकटला, मुलींनी मिरवला, दुकानांनी उचलला. आता पुण्यातली माझी भाचीसुद्धा रील बघून तसला ब्लाऊज मागते. असे कपडे घालणाऱ्या सगळ्या मुली वाया गेलेल्या नसतात, हेही सांगते. बऱ्याच जणी कॉलेज करून, पार्टटाइम काम करून रात्री आईच्या हातचं जेवायला घरी जातात.

घरी न जाणाऱ्या मुलामुलींना इथे ‘तोयोको किड्स’ म्हणतात, म्हणजे तोहोच्या बाजूला बसणारी पोरं. काही तर शाळकरी वयाची. कोणाला घरी मार बसतो, कोणाचा सावत्र बाप नको तिथे हात लावतो, कोणी शाळेतल्या छळाला कंटाळून बाहेर पडलेलं असतं. कोरोनाच्या काळात घराबाहेरचे इतर आसरे बंद झाले आणि ही गर्दी वाढली. 2022 मध्ये जपानमध्ये शाळकरी मुलांच्या आत्महत्या 514 झाल्या, तोवरचा सर्वात मोठा आकडा. पोलीस अधूनमधून मुलांना धरून घरी पोचवतात. ज्या घरातून पळाली त्याच घरी! टोकियो सरकारने 2024 मध्ये इथेच ‘किमिमामो’ नावाचं सल्ला केंद्र उघडलं. उशिरा का होईना, काहीतरी झालं.

खरी मेख होस्ट क्लबात आहे. केस फुगवलेले, नटवे तरुण बायकांशी गप्पा मारायला, दारू ओतायला बसलेले असतात. पहिल्या भेटीचे पैसे अगदी थोडे. मग रोज मेसेज सुरू होतात: जेवलीस का, झोप लागली का, तू खास आहेस. ज्या मुलीला घरी हे कोणीच विचारलेलं नसतं तिला दुसरं काय हवं? पुढे त्याचा वाढदिवस येतो, त्याला शॅम्पेनचा मनोरा हवा असतो, म्हणजे लाखो येन. पैसे नाहीत? हरकत नाही, ‘उरिकाके’ आहे. उरिकाके म्हणजे उधारी. क्लबाला पैसे होस्ट देणार, मुलगी होस्टची देणेकरी. एप्रिल 2022 पासून सज्ञानपणाचं वय 20 वरून 18 वर आलं, त्यामुळे करारमदार करताना आईबापांची संमतीही लागत नाही.

ही उधारी फेडायचा रस्ता तिथून चालत काही मिनिटांवरच्या ओकुबो पार्कपाशी जातो. पार्कच्या कडेने मुली अंतर ठेवून उभ्या असतात, फोनमध्ये मान घालून. पुरुष फेऱ्या मारत, न्याहाळत जातात. अंगावर तेच झालरींचे ब्लाऊज दिसतात तेव्हा माझी मान आपोआप दुसरीकडे वळते. 2023 मध्ये पोलिसांनी या भागात 140 बायकांना अटक केली. बहुतेक जणी विशीतल्या, आणि साधारण 40 टक्के जणींनी होस्ट वगैरेंवर उधळायला पैसे हवे होते असं सांगितलं.

जून 2025 मध्ये होस्ट क्लबांसारख्या धंद्यांबाबतचा सुधारित कायदा लागू झाला. मुलीच्या प्रेमाचा फायदा घेऊन खर्च करायला लावणं, उधारी फेडण्यासाठी देहविक्रीला भाग पाडणं, यावर बंदी आली. होस्टांच्या मोठमोठ्या जाहिरातींवर ‘वर्षाला इतके कोटी येन’ अशी फुशारकी असायची, तीही बंद. काही पाट्यांवर आकड्यांपुरता काळा पट्टा मारला आणि चेहरा तसाच हसरा ठेवला! इथल्या लोकांचा कायदा पाळायचा उत्साहही बघण्यासारखा असतो.

पार्कपाशी चालणाऱ्या देहविक्रीबाबतचा कायदा मात्र 1956 चा. देहविक्री बेकायदा आहे, पण शिक्षा होते ती रस्त्यावर गिऱ्हाईक शोधणाऱ्या बाईला. पैसे मोजणाऱ्या सज्ञान पुरुषाला, समोरची बाई सज्ञान असेल तर, काहीच होत नाही. त्यालाही शिक्षा हवी अशी मागणी आता संसदेत पोचली आहे. इथली मंडळी मात्र अजून मुलींच्या कपड्यांवरच बोलतात. तिशी-चाळिशीतले माझे सहकारी "ही जिराई पोरं" म्हणून नाक मुरडतात, आणि त्यातलाच एखादा पार्टी संपली की काबुकिचोतच उतरतो.