मोरीच्या पिलांचा पत्ता कोणाला विचारावा?

‘मासे मारणाऱ्यांच्याच सांगण्यावर तुम्ही इतका विश्वास कसा ठेवता?’ मालवणच्या बंदरावर उतरणाऱ्या मोरींच्या, म्हणजे शार्क माशांच्या (मुंबईकडे त्यांना मुशी म्हणतात), नोंदी ठेवण्याचे काम करत असल्याने हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

हातोड्यासारख्या डोक्याच्या मोरीच्या मादीला वयात यायला दहाहून अधिक वर्षे लागतात. अशा जातीला वाचवायचे, तर तिची पिले किनाऱ्यालगत कोठे वाढतात हे आधी कळायला हवे. सर्वेक्षणाची बोट तेथे अधूनमधून जाते. गिलनेट, म्हणजे पाण्यात भिंतीसारखे उभे राहणारे जाळे, टाकणारा मात्र हंगामभर रोज जातो आणि पिले किती वाव (खोली मोजण्याचे कोळ्यांचे माप) पाण्यात मिळाली, तळ चिखलाचा होता की खडकाळ, पाण्याला ओढ कोणत्या दिशेची होती, हे न अडखळता सांगतो. मासळी कापणाऱ्या बायकांना तर पिलाच्या पोटावर नाळेची न बुजलेली खूण दिसते, आणि ते नुकतेच जन्मलेले आहे हे जीवशास्त्रज्ञही त्याच खुणेवरून ठरवतात.

मात्र ‘पूर्वी मोरी भरपूर मिळायची’ हे विधान मी जसेच्या तसे उतरवून घेत नाही, कारण मधल्या काळात होडीला इंजिन आले, जाळी लांबली आणि माणसे खोल पाण्यात जाऊ लागली, त्यामुळे तेव्हाच्या आणि आताच्या मासळीची सरळ तुलना होत नाही. शिवाय करड्या रंगाच्या अनेक जाती बंदरावर एकाच नावाने विकल्या जातात. तेथे छायाचित्र आणि मोजमाप घेण्यावाचून गत्यंतर नसते.

मच्छीमारांना न विचारता नियम केला की काय होते, हे २००१ साली दिसले. त्या वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने सरसकट सर्व शार्क आणि पाकटांना (शार्कच्या नात्यातल्या चपट्या माशांना) वन्यजीव कायद्याचे संरक्षण दिले. किनाऱ्यावरून विरोध झाला आणि डिसेंबरमध्ये यादी दहा जातींवर आली. गुजरातेत मात्र २००४ पासून व्हेल शार्कसाठी मच्छीमारांनाच सोबत घेतले गेले. रामकथाकार मोरारी बापूंनी तिला बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक म्हटले, फाटलेल्या जाळ्याची भरपाई मिळू लागली आणि पूर्वी तिची शिकार करणारे जाळे कापून तिला सोडू लागले. महाराष्ट्रानेही २०१८ मध्ये संरक्षित जीव सोडणाऱ्यांसाठी पंचवीस हजार रुपयांपर्यंतची भरपाई सुरू केली. माझ्या मते या योजनेचे मोल केवळ पैशात नाही. जाळ्यात काय आले हे लपवण्याचे एक कारण तिने कमी केले.

तरीही पिलांच्या जागा नकाशावर मांडायला मी घाई करत नाही. ज्याने विश्वासाने जागा दाखवली, त्याच्याच जाळ्यावर उद्या बंदी आली, तर पुन्हा कोणीही काही सांगणार नाही. त्या जागी फक्त ट्रॉलरला (जाळे ओढत नेणाऱ्या यांत्रिक बोटीला) मज्जाव होणार की गिलनेट आणि रापणीलाही (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यालाही), हे मच्छीमार प्रथम विचारतात, आणि त्याचे उत्तर वनखात्याकडून व मत्स्यव्यवसाय खात्याकडून लेखी मिळाल्याशिवाय तो नकाशा मी कोणाला देत नाही.